मिक्सरचं एक चॅनेल, वरनं खाली

कार्तिकात कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या एका देवळात आमचं भजन होतं. कामावरनं सुटून मी पोचेपर्यंत पहिला अभंग सुरू झालेला. मिक्सरवर, म्हणजे सगळे माईक ज्याला जोडतात त्या यंत्रावर, मंडळातलं एक पोरगं बसलं होतं आणि समोरून चार म्हातारी माणसं एका सुरात ओरडत होती, "वाढवा की ओ जरा!" पोरानं बुवांच्या मायकाचा फेडर, म्हणजे आवाजाची वर-खाली सरकणारी दांडी, पार वरच्या टोकाला भिडवला होता, मेन फेडरही वर. स्पीकरमधून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा सूंऽऽ आवाज, आणि बुवा विहिरीतून गाताहेत असं वाटत होतं. मी मागनं हात घातला. दोन्ही फेडर खाली घेतले, बुवांच्या चॅनेलचा, म्हणजे त्यांच्या मायकाच्या पट्टीचा, सगळ्यात वरचा नॉब, जो घड्याळात आठ वाजल्यासारखा डावीकडं पडला होता, तो एक-दीडपर्यंत फिरवला आणि फेडर हळूहळू शून्याच्या खुणेपर्यंत आणले. पुढच्या ओळीला बुवांनीच मान वर करून बघितलं.

पोरगं म्हणालं, "मामा, ते बटण कशाचं असतंय?"

ते गेनचं. सहा महिने मिक्सरवर बसणाऱ्याला ते माहीत नसावं, यात त्याचा दोष थोडा आणि माझा जास्त. मी त्याला फेडर दाखवले होते, बाकीच्याला हात लावू नको एवढंच सांगितलं होतं. ती चूक आता निस्तरतोय.

माझं म्हणाल तर मी दिवसा उद्यमनगरात लेथवर असतो. मंडळात वीस वर्षं पेटी वाजवली. गुडघे मांडी घालू देईनात तेव्हा पेटी भाच्याकडं गेली आणि मी खुर्चीवर, म्हणजे मिक्सरवर आलो. वर्गणी काढून घेतलेला साधा बारा चॅनेलचा मिक्सर आहे: आठ मायकाची चॅनेलं आणि दोन स्टिरिओ जोड्या. सगळ्या पट्ट्यांवर मिळून शंभरावर नॉब दिसतात आणि नवा माणूस तिथंच दचकतो. पण ही एकच पट्टी पुन्हा पुन्हा छापलेली आहे. एक कळली की सगळ्या कळल्या. आणि पट्टी वाचायची वरनं खाली, कारण आवाजही बहुतेक तसाच जातो: वरच्या भोकातून शिरतो, एकेका नॉबापाशी काहीतरी सोसतो आणि खाली फेडरमधून बाहेर पडतो. कुठं काही बिघडलं तर वरनंच शोधत यायचं. खालच्या टोकाला उभं राहून वरची चूक दुरुस्त होत नाही.

भोकं

प्रत्येक चॅनेलला सहसा दोन भोकं असतात. तीन पिनांचं गोल, त्याला आपल्याकडं कॅनन म्हणतात, ते मायकासाठी. दुसरं जाड जॅकचं, दुकानात पी-३८ म्हणून मिळतो तो, ते लाइनसाठी. कीबोर्ड, पेनड्राइव्हचा प्लेअर, असलं काही. काही मिक्सरवर दोन्ही मिळून एकच भोक असतं, मध्ये जॅक जातो आणि कडेला कॅनन.

दोन भोकं का, हे आकड्यात बघितलं की डोक्यात बसतं. शुअरचा एसएम-५८ हा १९६६ पासूनचा माईक, देवळापासून स्टेडियमपर्यंत सगळीकडं दिसतो. ओठांजवळ धरून साधं बोललं तर त्यातून दोन मिलिव्होल्टच्या आसपास वीज निघते. मिक्सरच्या आत काम चालतं ते व्होल्टात. व्यावसायिक लाइनची पातळी १.२३ व्होल्ट धरतात. म्हणजे मायकाचा आवाज आत घेताना सहाशे-साडेसहाशे पटीनं मोठा करावा लागतो, डेसिबलच्या भाषेत ५६ च्या आसपास. कीबोर्डचा आवाज मुळातच मोठा असतो. तो मायकाच्या भोकात घातला तर फाटणार, आणि माईक लाइनच्या भोकात घातला तर गेन पूर्ण उजवीकडं नेऊनही कुजबुजणार.

आता मोबाईल. इथं मी स्वतः तोंडावर पडलोय, म्हणून सविस्तर सांगतो. एका शाळेचं गॅदरिंग, पोरींचा नाच, गाणं मोबाईलवर. माझ्याकडं एक वायर होती, एका टोकाला मोबाईलची बारीक ईपी पिन, दुसऱ्या टोकाला पी-३८, दोन्ही स्टिरिओ. लावली पाच नंबरच्या मायकाच्या चॅनेलला, लाइनच्या भोकात. गाणं सुरू झालं. झांजा ऐकू येताहेत, कोरस ऐकू येतोय, एको ऐकू येतोय आणि गाणारी बाईच गायब! पोरी गोंधळून एकमेकींकडं बघायला लागल्या. मी इक्वलायझर (बारीक-खर्ज आवाज कमी-जास्त करायचे नॉब) फिरवला, गेन वाढवला, मोबाईल बदलला. बाई काही आल्या नाहीत.

झालं होतं असं. मायकाच्या चॅनेलचा जॅक बॅलन्स्ड असतो. जॅकच्या टोकावर येणाऱ्या आवाजातून तो मधल्या कड्यावरचा आवाज वजा करतो. बॅलन्स्ड वायरीत त्याच आवाजाची उलटी नक्कल कड्यावर येते, म्हणून वजाबाकीत आवाज टिकतो आणि वायरीनं वाटेत गोळा केलेली घरघर दोन्हीकडं सारखी असल्यानं कटून जाते. उत्तम सोय आहे. पण मोबाईलच्या वायरीत टोकावर डावा आणि कड्यावर उजवा आवाज असतो. गाण्यात गायक मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडं सारखा. सारख्यातून सारखं वजा, बाकी शून्य. उरलं ते डाव्या-उजव्यातलं वेगळं तेवढं. मिक्सरनं बाईंना घरघर समजून पुसलं.

उपाय साधा आहे. एका टोकाला स्टिरिओ ईपी आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळे मोनो पी-३८, अशी वायर घ्यायची आणि स्टिरिओ जोडीच्या चॅनेलला लावायची. तेव्हापासून ती वायर माझ्या डब्यात लाल टेप लावून असते.

भोकांच्या जवळच कुठंतरी ४८ व्होल्टचं बटण असतं, फँटम. कंडेन्सर माईकला चालायला वीज लागते, ती याच वायरीतून उलट दिशेनं जाते. झांजेवर किंवा कोरसवर कंडेन्सर असेल तर लागतं, साध्या डायनॅमिक मायकाला लागत नाही. डायनॅमिक धडधाकट असेल आणि वायर नीट जोडलेली असेल तर चुकून चालू राहिल्यानं त्याला काही होत नाही, पण वायरीच्या सोल्डरिंगवर माझा एवढा विश्वास नाही. लहान मिक्सरवर एकच बटण सगळ्या चॅनेलांना वीज देतं. नियम एकच: सगळे फेडर खाली असताना, माईक आधी लावून मग बटण दाबायचं. चालू फँटमवर माईक खुपसला की स्पीकरमधून बंदुकीचा बार निघतो.

गेन

इथं थांबा, चहा घ्या. सगळं जेवण याच्यावर आहे.

गेन आणि फेडर दोन्ही आवाज वाढवतात, म्हणून पोरांना वाटतं एकाचं काम दुसऱ्यानं भागेल. भागत नाही. माईक किती मोठा करून आत घ्यायचा हे गेन ठरवतो. आत आलेल्यातलं किती बाहेर सोडायचं हे फेडर ठरवतो. गेन कमी ठेवून फेडर वर चढवला की बावड्यात झालं तसं होतं. मिक्सरचा स्वतःचा एक बारीक सुस्कारा असतो, तो आवाजाच्या बरोबरीनं वर येतो. गेन जास्त झाला तर त्याहून वाईट.

लेथवर ५० मिलिमीटरचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, हवा असेल आणि हात घसरून ४९ झाला, तर जगातली कुठलीही मशीन तो एक मिलिमीटर परत चिकटवत नाही. गेन जास्त असला की आवाजाच्या लाटेचे शेंडे तसेच कापले जातात, कारण आत तेवढी उंचीच नसते. पुढं फेडर खाली ओढला तर फाटका आवाज बारीक होतो, सांधला जात नाही. पोरं फाटलेला आवाज ऐकून मेन फेडर कमी करतात, मग ट्रेबल कमी करतात, मग स्पीकरवाल्याला शिव्या देतात. जॉब पहिल्याच कटला गेलेला असतो.

आता लावायचा कसा ते. चॅनेलचा फेडर पूर्ण खाली. इक्वलायझरचे नॉब मधल्या खाचेत. गेन पूर्ण डावीकडं. मग खालचं पीएफएल बटण दाबायचं. त्यानं फेडर बंद असतानाही त्या एकट्या चॅनेलची पातळी मीटरवर आणि हेडफोनमध्ये येते. बुवांना गायला सांगायचं आणि गेन हळूहळू वाढवत न्यायचा, मीटर शून्याच्या आसपास खेळायला लागेपर्यंत. चॅनेलवरचा लाल दिवा, बहुतेक मिक्सरमध्ये, आवाज फाटण्याच्या जरासा आधी लागतो. वरच्या पट्टीच्या तानेला तो कधीतरी डोळा मारून गेला तर चालेल. प्रत्येक समेला लागत असेल तर गेन मागं घ्यायचा. झालं की पीएफएल सोडायचं, फेडर शून्यावर आणायचा.

ऐकायला सोपं आहे, पण यात माणसं खोटं बोलतात. मुद्दाम नव्हे. तपासणीला बसलेला गायक "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री" एवढंच म्हणतो, तेही बँकेत स्लिप मागावी तसं. त्याच्यावर गेन लावलात की कार्यक्रमात "पुंडलिक वरदे" झालं की लाल दिवा विझतच नाही. बोलणं आणि गजर यांत दहा डेसिबलचा फरक सहज पडतो, म्हणजे वीज तिपटीहून जास्त. मी बुवांना सांगतो, शेवटच्या अभंगातली सगळ्यात वरची ओळ म्हणा, आणि तिथं गेन ठरवतो. ते म्हणतात, आत्ताच काय गळा फोडू? मग मी गप मनातल्या मनात दहा डेसिबल जागा सोडतो.

दुसरं खोटं अंतराचं. तोंडापासून मायकाचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो. पाच सेंटिमीटरवर गाणारा माणूस टाळकऱ्यांकडं वळून वीस सेंटिमीटरवर गेला की मायकात पाव पट वीज उरते. आमचे बुवा दर कडव्याला वळतात. त्यांच्यासाठी गेन वाढवत बसायचं नसतं, मायकाचा स्टँड कोरसच्या बाजूला तिरका लावायचा असतो. पहिला इक्वलायझर म्हणजे मायकाची जागा, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल, पण स्टँड हलवायला उठावं लागतं आणि नॉबाला बसल्या जागी हात पोचतो.

एकदा लावलेला गेन कार्यक्रम चालू असताना शक्यतो हलवू नका. तो सगळ्यांच्या वर बसलेला आहे, हलवला की स्पीकर, मॉनिटर (गायकासमोरचा त्याचा स्वतःचा स्पीकर), एको, रेकॉर्डिंग सगळंच हलतं. गायकाला स्वतःचा आवाज अचानक कानात वाढलेला ऐकू येतो आणि तो सूर सोडतो.

यावरून आपलं केशवराव भोसले नाट्यगृह आठवतं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं ते पॅलेस थिएटर १९१५ साली उभं राहिलं, तेव्हा रंगमंचावर माईक ही चीजच नव्हती. संगीत नाटक, भरलेलं घर, आणि पद शेवटच्या रांगेपर्यंत जायचं. गेन नटाच्या छातीत होता. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, त्या आठवड्यात आमच्या तालमीत कुणाचं मन नव्हतं.

लो-कट, आणि कणीक

गेनच्या खाली एक बारीक बटण, ८० किंवा १०० असा आकडा लिहिलेलं. दाबलं की त्या आकड्याच्या खालचे खर्ज आवाज गाळले जातात. सभामंडपात पावली खेळताना फरशीवरून स्टँडमध्ये चढणारा धप्-धप्, पंख्याचा वारा, माईक हातात फिरवताना होणारी खडखड, हे सगळं बहुतेक त्या तळातच असतं. शिवाय माईक ओठांना चिकटवला की तो खर्ज फुगवतो, हा दिशादर्शक मायकाचा स्वभावच आहे. म्हणून गाणाऱ्या, बोलणाऱ्या प्रत्येक मायकाला लो-कट दाबायचाच. माणसाच्या आवाजातलं त्यानं काही हरवत नाही, उलट शब्द स्वच्छ होतात.

पण पोरगं ऐकतं अर्धं आणि दाबतं सगळं. एकदा त्यानं आठही चॅनेलांना दाबलं. पखवाजवाल्या तात्यांनी डाव्या तोंडाला लावायची कणीक घरूनच मळून आणलेली, थापून थापून, पाणी लावून सूर बसवलेला. पहिला धा पडला आणि बाहेर आला डबा वाजल्यासारखा. तात्या काही बोलले नाहीत, फक्त कणकेकडं बघत बसले. डग्गा, पखवाजाचं डावं, ढोलकीचा धूम, यांना लो-कट नाही. माणूस एवढं पीठ मळतो ते त्या खर्जासाठीच.

काही मिक्सरवर पॅड नावाचं बटणही असतं. ते येणारा आवाज एकदम वीस-पंचवीस डेसिबलनं पाडतं. हलगीसमोर माईक ठेवलाय, गेन पूर्ण डावीकडं आहे आणि तरी लाल दिवा जळतोय, अशा वेळी वापरा. एरवी बंद.

कॉम्प्रेसरचा एकच नॉब असेल तर तो मोठा आवाज दाबतो आणि एकूण पातळी वर उचलतो. निवेदकाला थोडासा बरा. पण उचलण्यात आजूबाजूचा आवाजही उचलला जातो आणि शिट्टी, म्हणजे स्पीकरचा आवाज परत मायकात शिरून होते ती, जवळ येते. आमच्याकडं तो शून्यावर असतो आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

हाय, मिड, लो

इक्वलायझर हा लोकांचा आवडता भाग आणि माझा नावडता. खाच मधोमध असते तेव्हा तो काहीच करत नाही, आणि बऱ्याच चॅनेलांना तीच जागा योग्य असते. नॉब एका टोकाला नेला की सहसा पंधरा डेसिबल वाढतात, म्हणजे साडेपाच पट. भाजीत मीठ साडेपाच पट घालून बघा.

लहान मिक्सरवर हाय साधारण १० ते १२ किलोहर्ट्झच्या वरचं, मिड अडीच किलोहर्ट्झच्या आसपासचं आणि लो ८० ते १०० च्या खालचं हलवतो. मिड हा खरा मिक्सरवाल्याचा नॉब. माणसाचे शब्द कळतात ते तिथं, कान टोचतात ते तिथं, पेटीचे स्वर कर्कश होतात ते तिथं आणि मायकाची शिट्टीही बऱ्याचदा तिथलीच. माझ्या पेटीला मी मिड तीन-चार डेसिबल कमी करायचो, भाचाही तेच करतो. शब्द कळेनात अशी तक्रार आली तर मिड वाढवण्याआधी लो कमी करून बघा. नव्या सभामंडपांत खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, भिंतींना टाईल्स, आवाज आत घुमत राहतो आणि खर्ज सगळ्यात जास्त घुमतो. त्याला बाहेर काढलं की शब्द आपोआप पुढं येतात. वाढवण्यापेक्षा कमी करणं हा माझा कायदा. वाढवलेली प्रत्येक गोष्ट शिट्टीला निमंत्रण असते.

मिडला दोन नॉब असतील, एक किती आणि एक कुठं, तर तुम्ही नशीबवान. लोक यायच्या आधी, आवाज बारीक ठेवून, "किती" थोडा वाढवायचा आणि "कुठं" सावकाश फिरवायचा. आवाज जिथं सगळ्यात घाण वाटेल तिथं थांबायचं आणि "किती" उलट, मधल्या खाचेच्या डावीकडं न्यायचा. घोंगावणारा पखवाज बहुतेक वेळा २५० ते ४०० हर्ट्झच्या मध्ये सापडतो.

आणि कानाला मूळ आवाज ठाऊक हवा. देवल क्लब म्हणजे १८८३ पासूनची गायनाची जागा आपल्या गावात आहे. तबला दहा फुटांवरून, स्पीकरशिवाय, कसा ऐकू येतो हे एकदा डोळे मिटून ऐकून या. नाहीतर आपण मिरवणुकीतल्या बेसला तबल्याचा आवाज समजायला लागतो.

ऑक्स

हे नॉब आवाजाची एक वेगळी फांदी काढतात. मुख्य रस्ता फेडरकडं जातोच, ऑक्स त्यातला थोडा आवाज दुसरीकडं पाठवतो: गायकासमोरच्या मॉनिटरला, किंवा एकोच्या यंत्राला. प्रत्येक चॅनेलचा ऑक्स किती उघडा आहे त्यावर त्या मॉनिटरमध्ये कोण किती ऐकू येणार ते ठरतं. म्हणजे बुवांसाठी एक वेगळा छोटा मिक्सरच.

यातलं नाजूक एवढंच, की फांदी फेडरच्या आधी फुटते की नंतर. आधी फुटत असेल तर त्याला प्री म्हणतात, नंतर फुटत असेल तर पोस्ट. मॉनिटरसाठी प्री. कोरस सुरू झाला की आपण बुवांचा फेडर जरा खाली घेतो. मॉनिटर पोस्टवर असेल तर त्यांचा कानातला आवाजही त्याबरोबर खाली जातो. मग ते जोर लावतात, आपण आणखी खाली घेतो, ते आणखी जोर लावतात. एक आख्खी एकादशी आम्ही अशी काढली. बुवा शेवटी माईक बाजूला करून म्हणाले, "तू मला बंद करालाय काय रे?"

एकोसाठी उलट, पोस्ट. फेडर खाली घेतला की एकोही गेला पाहिजे. प्रीवर ठेवलात तर माणूस गप्प झाला तरी त्याचं भूत देवळात गात राहतं.

एकोबद्दल माझी तक्रार आहे ती इथं मांडून घेतो. कोल्हापुरात माईक हातात घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं पहिलं वाक्य "एको वाढवा". अभंगाला थोडा एको शोभतो. कीर्तनाच्या निरूपणाला, सूचनेला, "चारचाकी गाडी काढून घ्या"ला एको लावलात तर गाडी कुणीच काढत नाही, कारण कुणाला काही कळलेलंच नसतं. बुवा गाताना ऑक्स उघडा, बोलायला लागले की बंद. हात तिथंच ठेवून बसायचं असतं, मोबाईलवर नाही.

खालचा भाग

पॅन डावीकडं-उजवीकडं सरकवतो. देवळात आणि मंडपात सगळं मधोमध. डाव्या बाजूला बसलेल्या बाईला उजवीकडचा तबला ऐकू येऊ नये असं तिनं काय केलंय? आणि मिक्सरची फक्त डावी वायर अँपला (स्पीकर चालवणाऱ्या अँप्लिफायरला) गेलेली असेल तर उजवीकडं वळवलेला माईक पूर्ण गायब होतो. आवाज येत नाही म्हणून वायर बदलायच्या आधी पॅन बघा.

म्यूट किंवा ऑन, ज्याच्या त्याच्या मिक्सरवर उलटसुलट असतं. एकात दिवा लागला म्हणजे चालू, दुसऱ्यात दिवा लागला म्हणजे बंद. भाड्याचा मिक्सर आला की पहिलं हे बघायचं.

फेडर शून्याच्या आसपास चालवा, कारण तिथं खुणा लांब लांब आहेत. एक सेंटिमीटर सरकला तरी फरक थोड्या डेसिबलचा. तळाजवळ तेवढ्याच अंतरात दहा-वीस डेसिबल उडतात, बोटाला नेमकेपणा राहत नाही. सगळे फेडर तळाला कुजत असतील तर अँपचा नॉब जास्त आहे असं समजा, तो कमी करा. रात्री दहाला मात्र सगळेच फेडर खाली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद आहे, आणि आमचे बुवा तसेही दहानंतर बिनमायकाचे जास्त रंगतात.

ज्याच्यावर कुणी गात-वाजवत नाही तो माईक बंद ठेवा, हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारी जागा तीन डेसिबलनं घटते. एकाचे आठ केले की नऊ डेसिबल गेले. आणि गायकानं मायकाची जाळी मुठीत आवळली तर मागचा आवाज टाळायची मायकाची खुबीच मरते, मग तो सगळीकडनं ऐकतो, स्पीकरकडूनही. शाहिरांना हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही. मी त्यांचा मिड कमी करतो.

डिजिटल मिक्सर आला तरी क्रम हाच असतो. फरक एवढा, की शंभर नॉबांऐवजी एकच संच असतो आणि तो निवडलेल्या चॅनेलला लागू होतो. कुठलं चॅनेल निवडलंय ते न बघता हात घातलात तर डग्ग्याचा लो समजून निवेदकाचा घालवाल.

फेडरच्या खाली पांढरी कागदी टेप लावून नावं लिहायची: बुवा, कोरस, पेटी, तबला, डग्गा, पखवाज, टाळ, निवेदन. बावड्याच्या त्या पोरानं पुढच्या वेळी टेपवर प्रत्येक नावाखाली गेनचं घड्याळही लिहून ठेवलं. "बुवा दीड", "टाळ दहा". मी शिकवलेलं नव्हतं. पखवाजाखाली त्यानं "कणीक" असं लिहिलंय, म्हणजे लो-कट नको.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा मिक्सर काढला की नॉब फिरवताना खर्रखर्र होणार, आपल्याकडं चार महिने हवाच ओली असते. अँप बंद ठेवून प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत दहा-वीस वेळा फिरवा, फेडर वर-खाली करा. बऱ्यापैकी जातं. नाही गेलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, पण वंगणाचं तेल कधीही नाही. मी लेथवाला आहे, मला तो मोह झालेला आहे.

सुरू करताना मिक्सर आधी, अँप शेवटी. बंद करताना अँप आधी, मग मिक्सर. उलटं केलं तर स्पीकरमधून जो धप्प आवाज येतो त्यानं शिखरावरची कबुतरं उडतात आणि आवरायला थांबलेला पुजारी आपल्याकडंच बघतो.